कोचीच्या मट्टनचेरीला पुरेसा वेळ मिळावा

महोदय,

मुंबईहून निघणाऱ्या क्रूझवर अलीकडे अनेक मराठी कुटुंबे दिसतात आणि त्यांतील काही जहाजे कोचीला दिवसभर थांबतात. या दिवसाच्या नियोजनात शहरापेक्षा दुकानांनाच अधिक वेळ दिला जातो, असा अनुभव नुकत्याच केलेल्या प्रवासात आला, म्हणून हे पत्र.

फोर्ट कोचीतील चिनी जाळी आम्हाला नीट पाहता आली, हे मान्य केले पाहिजे. लांब तुळईच्या एका टोकाला जाळे, तर दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेले मोठाले दगड; एक जण तुळईवरून पुढे चालत गेला की जाळे पाण्यात उतरते आणि मग बाकीचे सगळे मिळून दोर ओढून ते वर घेतात. जवळच्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये, १५२४ मध्ये कोचीत मरण पावलेल्या वास्को द गामाच्या मूळ थडग्याची जागाही पाहिली. त्यानंतर मात्र बस मसाल्यांच्या आणि भेटवस्तूंच्या एका मोठ्या दुकानापाशी एवढा वेळ थांबली की मट्टनचेरीसाठी जेमतेम अर्धा तास उरला. त्यातही वार शनिवार असल्याने १५६८ मधील ‘परदेशी सिनेगॉग’ हे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बंद होते. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस असतो, हे सहल आखणाऱ्यांना ठाऊक नसावे याचे वाईट वाटते.

खरे तर मराठी माणसाने सर्वाधिक वेळ मट्टनचेरीतच घालवायला हवा. पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिलेला आणि पुढे डचांनी दुरुस्त केलेला राजवाडा तेथे आहे आणि त्याच्या भिंतींवर रामायणातील प्रसंगांची अप्रतिम चित्रे आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडलेल्या गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्वम हे मंदिर याच भागात आहे आणि त्यांच्या घरांतून आजही कोंकणी बोलली जाते. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध होण्यात वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीतील तिघा कोंकणी विद्वानांचा मोठा वाटा होता. १६७८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात त्यांचे निवेदन नागरी लिपीत, कोंकणी भाषेत आहे. आपल्या लिपीच्या छपाईच्या इतिहासातील इतकी महत्त्वाची गोष्ट ज्या गावाशी जोडलेली आहे, तेथे जाऊनही ती कोणाकडून ऐकायला मिळू नये, ही खेदाची बाब आहे.

सहल आयोजकांना माझी विनंती आहे की जहाज कोणत्या वारी कोचीत असेल हे पाहूनच कार्यक्रम ठरवावा, कारण राजवाडाही शुक्रवारी बंद असतो. दुकानाचा थांबा ऐच्छिक ठेवावा आणि मट्टनचेरीसाठी किमान तीन तास राखावेत, तेही पायी फिरण्यासाठी, कारण तेथील गल्ल्या बसमधून दिसत नाहीत. तेथील कोंकणी भाषक रहिवाशांपैकी कोणी माहिती द्यायला तयार असतील, तर त्यांना योग्य मानधन देऊन मराठी प्रवाशांच्या गटासोबत पाठवावे. बुकिंग करताना प्रवाशांनीही या गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

— एक वाचक, ठाणे