प्रेसवाल्या काकांना, उशिराने

नमस्कार काका,

चूक मी चारचौघांत केली होती, तेव्हा आभारही चारचौघांत मानलेले बरे.

तुमच्या उच्चदाबाच्या प्रेसमध्ये पावडर दाबून-तापवून केलेल्या माझ्या सीबीएनच्या (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, जवळपास हिऱ्याइतका कठीण पदार्थ) चकत्या दिसायला झकास होत्या, काळ्याभोर, कुठे चीर नाही. पण त्यातून कापलेला इन्सर्ट, म्हणजे धातू कापायचा धारदार तुकडा, 60 एचआरसीच्या (रॉकवेल मापाने फार कठीण) स्टीलवर चालवला की धार झिजण्याआधीच दाणे गळायचे. आणि मी लॉगबुकात खुशाल लिहून मोकळा झालो, 'प्रेसचा दाब कमी पडतो.' म्हणजे खापर थेट तुमच्यावर!

तुम्ही चिडला नाहीत. सेलमध्ये, म्हणजे प्रेसच्या आत जिथे दाब पडतो त्या कप्प्यात, बिस्मथची बारीक तार बसवलीत आणि मला मीटरपाशी उभं केलंत. 2.55 गिगापास्कलला बिस्मथचं रूप बदलतं आणि तारेचा विद्युतरोध एकदम कोसळतो. प्रेसच्या नेहमी जितक्या तेलदाबाला कोसळायचा, त्या दिवशीही तितक्यालाच कोसळला. मग बेरियम लावलंत, 5.5 च्या खुणेसाठी. तेही जागेवर. ''आता तुझी पावडर आण,'' एवढंच म्हणालात.

फुटलेली चकती तुम्ही भिंगाखाली धरलीत. काळ्यात पांढरे ठिपके होते, जे मी महिनाभर धूळ समजून पुसत होतो. तुम्ही सुईचं टोक लावलंत तर ठिपका टाल्कमसारखा सुटून आला. हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड! अणू तेच, पण रचना ग्रॅफाइटसारखी थरांची, म्हणून मऊ. कठीण दाण्यांच्या मधोमध मी स्वतःच वंगण भरून ठेवलं होतं.

मिलमधून काढलेली पावडर मी रात्रभर उघडी ठेवायचो. ताज्या दळलेल्या दाण्यांवर ऑक्सिजन आणि ओल बसते, बोरॉन ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो 450 अंशांना वितळून फटींत शिरतो, दाणे जोडणाऱ्या बाइंडरला त्यांच्यापर्यंत नीट पोचू देत नाही. त्यात फटीच्या आत दाण्याला पुरता दाब नसतो, आणि 1400 अंशांच्या तापात दाब नसला की सीबीएन उलटा फिरून मऊ होतो. बाहेर 5 गिगापास्कल असले तरी त्या फटीत ते नव्हतेच. एका अर्थी माझं वाक्य खरं होतं, पण दोष प्रेसचा नव्हता.

पावडर व्हॅक्यूम भट्टीत तापवून लगेच टँटलमच्या कपात बंद करायची, कपाभोवती बसणारे पायरोफिलाइट दगडाचे ठोकळेही भाजून घ्यायचे. आधी दाब, मग ताप. उतरताना आधी ताप, मग दाब, आणि तोही सावकाश. या शेवटच्या सावकाशीचा मला अजून कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

परवा नवा इन्सर्ट त्याच स्टीलवर कोरडाच चालवला. चिप्स लालभडक निघत होत्या. हिरा याहून कठीण खरा, पण एवढ्या तापलेल्या लोखंडापुढे त्याचा कार्बन टिकत नाही. आपली धार टिकली. भिंगाखाली पाहिली, नुसती गुळगुळीत झीज होती, एकही दाणा उडालेला नाही.

लॉगबुकातली ती ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली लिहिलंय, 'दाब बरोबर होता. पावडर ओलसर होती.' सही माझी आहे. शेजारी तुमच्या सहीला जागा सोडलीय, सोमवारी वही घेऊन येतो.