रात्रीची पाइपलाइन सकाळी का धावते?

महोदय,

सकाळी अहवाल उघडावा तर कालचे आकडे नाहीत, आणि विचारल्यावर 'सर्व्हर डाऊन होता' हे ठरलेले उत्तर. पुष्कळदा सर्व्हर ठणठणीत असतो. क्लाउडवरची डेटा पाइपलाइन, म्हणजे आकडे गोळा करून अहवालापर्यंत नेणारी कामांची साखळी, ज्या ट्रिगरने (काम सुरू करणाऱ्या कळीने) सुरू व्हायची, तोच चुकीचा लावलेला असतो. बँका आणि सरकारी खाती कामे क्लाउडवर नेताना स्टोरेज किती, सर्व्हर किती हे निविदेत बारकाईने लिहितात. पाइपलाइन कशामुळे सुरू होणार आणि चुकली तर पुन्हा कशी चालवायची, हेही तिथेच लिहून घ्यायला हवे.

पहिला घोळ वेळेचा. मायक्रोसॉफ्टचे 'सेंट्रल इंडिया' रिजन (डेटा सेंटरांचा समूह) पुण्यात आणि ॲमेझॉनचे एक रिजन मुंबईत असले, तरी शेड्यूलचे घड्याळ मुळात यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. साध्या क्रॉनमध्ये, म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना, वार या क्रमाने वेळ लिहायच्या पद्धतीत, '0 2 * * *' लिहिले की काम आपल्याकडे सकाळी साडेसातला सुरू होते. पहाटेचे 2 हवेत तर '30 20 * * *'. रोजच्या कामाला हे चालून जाते. पण महिन्याच्या 1 तारखेला पहाटे 2 वाजता म्हटले की पंचाईत होते, कारण यूटीसीत तेव्हा आदल्या महिन्याची शेवटची तारीख असते, कधी 28, कधी 31. कोणी '30 20 1 * *' लिहून मोकळा होतो आणि 31 मार्चअखेरचे आकडे 2 एप्रिलला उगवतात. मायक्रोसॉफ्टची पाइपलाइन चालवणारी सेवा म्हणजे ॲझ्युअर डेटा फॅक्टरी; तिच्या शेड्यूल (ठरल्या वेळी चालणाऱ्या) ट्रिगरमध्ये भारतीय वेळ निवडता येते, ॲमेझॉनच्या इव्हेंटब्रिज शेड्युलर या सेवेतही. इव्हेंटब्रिजच्या जुन्या रूलमध्ये ती सोय नाही.

डेटा फॅक्टरीचा शेड्यूल ट्रिगर हुकलेली वेळ भरून काढत नाही. रोजचा हिशेब असेल तर टम्बलिंग विंडो ट्रिगर घ्यावा, जो वेळेचे लागोपाठ सारखे तुकडे (विंडो) पाडून प्रत्येकासाठी पाइपलाइन चालवतो: 24 तासांची विंडो, सुरुवात 18:30 यूटीसी, म्हणजे आपली मध्यरात्र. प्रत्येक विंडोची सुरुवात आणि शेवट पॅरामीटर (पाइपलाइनला बाहेरून दिलेले मूल्य) म्हणून मिळतात, मागचे दिवस क्रमाने भरता येतात आणि रीट्रायही (फसल्यास पुन्हा प्रयत्न) लावता येतो.

खरी मेख प्रोग्रामने पाइपलाइन चालवण्यात आहे. 'क्रिएटरन' या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने सेवेला सांगावा द्यायच्या सोयीला, पोस्ट विनंती केली की रन आयडी (त्या एका रनची, म्हणजे फेरीची, ओळखखूण) मिळतो. तो मिळाला म्हणजे काम झाले, असे धरणारे प्रोग्राम सर्रास दिसतात. प्रत्यक्षात पाइपलाइन तेव्हा कुठे रांगेत लागलेली असते. आयडी जपून ठेवावा, दर 30 सेकंदांनी स्थिती विचारावी आणि 'सक्सीडेड' (यशस्वी) आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटले आणि प्रोग्रामने विनंती पुन्हा पाठवली, तर दोन रन सुरू होतात आणि आकडे दुप्पट. कॉन्करन्सी (एका वेळी किती रन चालावेत ती मर्यादा) 1 ठेवल्याने दुसरा रन रांगेत थांबतो, पण टळत नाही. म्हणून व्यवहाराची तारीख पॅरामीटर म्हणून द्यावी आणि त्या तारखेच्या नोंदी आधी काढून मग नव्याने भराव्यात. पाइपलाइनच्या आत 'आजची तारीख' काढणे ही तर सर्वांत महागात पडणारी सवय. काम मध्यरात्रीनंतर सुरू झाले किंवा चार दिवसांनी पुन्हा चालवले, की दिवसच बदलतो. रनचा इतिहास डेटा फॅक्टरी 45 दिवसच ठेवते. लेखापरीक्षणासाठी तो वेगळा साठवावा.

फाइल आली की सुरू होणाऱ्या ट्रिगरसाठी ॲझ्युअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये (खात्यात) 'मायक्रोसॉफ्ट डॉट इव्हेंटग्रिड', म्हणजे अशा घटनांची वर्दी देणारी सेवा, नोंदवलेले असावे लागते, आणि रिकाम्या फाइली वगळण्याची खूणही विसरू नये.

राहिला सर्वांत निमूट बिघाड. नवी आवृत्ती चढवताना ट्रिगर थांबवावे लागतात आणि नंतर ते पुन्हा सुरू करायचे राहून जाते. त्यावर कुठलाही एरर येत नाही, कारण काही चालतच नाही. त्यामुळे अपयशाचा अलर्ट इथे कुचकामी. ठरलेल्या वेळेपर्यंत 'सक्सीडेड' आले नाही तर वाजणारा अलर्ट लावावा, आणि तो डेटा फॅक्टरीच्या बाहेरून.

– एक डेटा अभियंता, पुणे