कबूल केलं म्हणजे केलंच का गं?

प्रिय चिऊ,

इंग्लंडातल्या लँकेस्टरच्या किल्ल्याचे फोटो मिळाले. आईने किल्ला बघितलाच नाही, जॅकेटची चेन उघडी का म्हणून ओरडत बसली. खाली तू लिहिलंयस की १६१२ मध्ये इथे दहा जणांना चेटूक केलं म्हणून फाशी दिली आणि सगळे निर्दोष होते. होतेच. पण तीस वर्षं कोर्टात स्टेनो होतो ना मी, एवढ्यावर भागत नाही माझं, दोन रात्री मोबाईलवर तोच खटला वाचत होतो.

त्या दहांतली ती ॲलिझन डिव्हाइस बघ. कोल्न गावाजवळ जॉन लॉ नावाच्या फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने गाठोडं सोडलं नाही, ही चिडली आणि थोड्या वेळात तो आडवा. तोंड वाकडं, पाय लुळे, बोललेलं कळेना. मला आपले अण्णाच आठवले गं, देवळातून येताना तसेच पडले होते. पॅरालिसिस, दुसरं काय. पण पोरीला खरंच वाटलं की हे आपणच केलं! त्याची माफी मागितली, त्याने केली पण, तरी कोर्टात गुडघे टेकून रडत कबूल. याला बरं करशील का विचारलं तर म्हणते मला नाही जमणार, आजी असती तर तिला जमलं असतं. आजी म्हणजे म्हातारी डेमडाइक, ती खटल्याआधीच कोठडीत मेली होती. आता अशा आरोपीला वकील तरी काय वाचवणार, आणि वकील द्यायची पद्धतच नव्हती तेव्हा.

हे सगळं कळतं ते तिथल्या क्लार्कमुळे, थॉमस पॉट्स. जजसाहेबांच्या सांगण्यावरून लिहिलं, त्यातल्याच एका जजने तपासलं, १६१३ ला छापलं. इथे मी जरा थबकलो. आमच्याकडे साक्षीदार म्हणायचा "गपकन पडला वो सायेब", आणि मी टाईप करायचो "सदर इसम जमिनीवर कोसळला". पॉट्सच्या कागदावरची ॲलिझन किती तिची आणि किती त्याची?

आणि तिची धाकटी बहीण जेनेट, नऊ वर्षांची. साक्षीला आणल्यावर आईने इतका आरडाओरडा केला की आईलाच बाहेर काढलं, मग पोरीला टेबलावर उभं केलं आणि तिने आई, भाऊ, सगळ्यांची नावं घेतली. ते वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला आणि पाणी प्यायलो.

पुढे १६३४ मध्ये त्याच भागात दुसरा खटला, साक्षीदार परत दहा वर्षांचं पोरगं, गाई घरी आणायला उशीर झाला म्हणून त्याने चेटकिणींची गोष्ट रचली होती, नंतर कबूल पण केलं खोटं म्हणून. त्यात दोषी ठरलेल्यांमध्ये एक नाव जेनेट डिव्हाइस. १६३६ च्या कैद्यांच्या यादीत, याच किल्ल्यात, ते नाव अजून आहे.

आईला फोन कर, जॅकेटचं परत विचारतेय.

बाबा