कंटेनर उडाला, डेटा कुठंय?

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब एका जुन्या कॉम्प्युटरवर डॉकरमधे (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात बंद करून चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो, सेटअप मीच केलेला, त्यामुळे शिव्यापण मीच खाल्ल्या. गेल्या महिन्यात व्हर्जन बदलायला म्हणून कंटेनर काढला, नवा चढवला, बघतो तर सगळं कोरं, आणि सेक्रेटरी काका मागे उभे, "अरे पावत्या कुठायत?"

कसं असतं, कंटेनरमधे आपण जे लिहितो ते इमेजच्या (ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्याच्या) वरच्या एका पातळ थरात जातं आणि कंटेनर काढला की तो थरही जातो. डेटा टिकवायचा तर बाहेर व्हॉल्यूम हवा, म्हणजे डॉकरने कंटेनरबाहेर डिस्कवर राखलेली जागा. नशीब, पोस्टग्रेसची (आमचा हिशोब ज्या डेटाबेसमधे आहे त्याची) इमेज आपणहून एक बिननावी व्हॉल्यूम करते, त्यामुळे नव्या कंटेनरला नवा कोरा मिळाला तरी डेटा जुन्या व्हॉल्यूममधेच पडून होता, फक्त नाव ६४ अक्षरी अगम्य. असे चार-पाच निघाले, एकेक तपासत रात्रीचा दीड वाजला, शेवटी सापडला! बायकोने दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा दिला नाही.

आता व्हॉल्यूमला साधं नाव दिलंय, हिशोब_डेटा सारखं. पण पोरांनो, कंटेनर बंद करून काढायच्या 'कंपोज डाऊन' या कमांडला मायनस व्ही (-v) लावलात तर नावाचा व्हॉल्यूमसुद्धा साफ होतो, विचारत बिचारत नाही. आणि व्हॉल्यूम म्हणजे बॅकअप नव्हे हो, डिस्क गेली की व्हॉल्यूमही गेला.

आयटीच्या क्लासमधे पहिल्या दिवशी कंटेनर चालवून दाखवतात, मग हे पण त्याच दिवशी दाखवा की.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे