वरच्या खोलीचं कुलूप

ति. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रत्नागिरीहून परतून आठवडा झाला, पण वरच्या खोलीचा विषय डोक्यातून जात नाही. फोनवर काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि पावसावर येतात. म्हणून लिहिते.

आई, ऋषिपंचमीला वरची खोली भाड्याने मिळेल का विचारत दारात आलेली ती लातूरची नर्स आठवते ना? छत्री मिटायचंही विसरली होती. तू तिला आत बोलावून मोदक दिलास. बाबांनी सांगितलं, खोलीत सामान आहे. सामान म्हणजे माझी दहावीची गाईडं, दादाचा मोडका कॅरम आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या!

त्या रात्री मी गच्चीवरून समोरच्या नव्या बिल्डिंगचे दिवे मोजले. २४ फ्लॅट, सगळे विकलेले. १९ घरांत उजेड होता. गौरी-गणपती गेल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा मोजले, तर ४. त्यातला एक खालच्या वॉचमनचा. फ्लॅटचा भाव ठरतो मुंबईच्या पगारावर, आणि भाड्याने द्यायचा नाही, कारण मालकाला गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात तो रिकामा हवा. मग इथे रोज ड्यूटी करणाऱ्यांनी राहायचं कुठे? ती पोरगी तिघींबरोबर एका खोलीत राहते.

बाबा, तुम्ही म्हणता, गाव बाहेरच्यांनी भरलं. भरलं कुठे? २००१ ला आपल्या जिल्ह्यात जवळपास १६ लाख ९७ हजार माणसं होती, २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार. देशाची लोकसंख्या वाढत होती आणि आपली कमी झाली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, कारण पुरुष चाकरीला मुंबईत. त्यात आम्ही दोघंही आलोच, कबूल आहे. पण मग आंब्याच्या बागा कोण राखतं? नेपाळहून आलेली कुटुंबं. बोटींवर खलाशीही तेच. आई, तुझ्या शाळेचा पट शेवटच्या वर्षांत टिकला तो याच गुरख्यांच्या मुलांमुळे, हे तूच सांगायचीस. बाराखडी तू शिकवलीस, आणि त्यांचे आईबाप अजून बागेतल्या पत्र्याच्या खोपीत.

सरकारी घरकुल आहे म्हणाल. पंतप्रधान आवास योजनेत शहरात स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळायचे. पण त्याला आधी जागा नावावर हवी. आपल्या भांडीवाल्या मावशींच्या सातबाऱ्यावर १७ नावं. पाच जण वारले, बाकीचे विरार ते बदलापूर पसरलेले. सह्या कोण गोळा करणार? (आपल्याही उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, बाबा. वारसनोंदीचं तेवढं या दिवाळीत उरकूच.)

तुमची भीती मला ठाऊक आहे. आप्पाकाकांच्या गिरगावातल्या खोलीचं तीस वर्षं चाललेलं रामायण ऐकतच आम्ही मोठे झालो. पण ती जुनी पागडी होती, १९४७ च्या भाडे कायद्यातली. आता १९९९ चा कायदा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा ११ महिन्यांचा करार रजिस्टर करायचा. मुदत संपूनही कोणी बसून राहिलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तोवरची भरपाई ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरीच येतो, तुम्हाला कचेरीत खेटे घालायला नकोत.

खरं सांगू? मला भाड्याच्या पैशांचं काही नाही. तुम्ही दोघंच त्या घरात. मागच्या जूनमध्ये आई न्हाणीघरात घसरली, तेव्हा बाबांनी आधी मला पुण्याला फोन लावला. मी इथून काय करणार होते? जिन्यावर हाकेला कोणी असलं तर मला रात्री झोप लागेल. यात माझा स्वार्थ आहे, नाही म्हणत नाही.

तिचा नंबर आईने कालनिर्णयावर लिहून ठेवलाय, मी पाहिलाय. बाबा, तुम्हीच फोन करा, बाईमाणसाने केला की तिला पक्कं वाटणार नाही असं आईचं म्हणणं. मला पटत नाही, पण असो.

मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. गाईडं रद्दीत देऊ, बरण्या माळ्यावर जातील. कॅरमचं दादाला विचारा. आणि कुलपात तेल सोडून ठेवा, गेल्या खेपेला किल्ली अर्धीच फिरत होती.

तुमची,
ताई