तुम्ही मागच्या सीटवर बसलात म्हणून

मेकॅनिकदादा,
सप्रेम नमस्कार.

सात आठवडे झाले, गाडीने एकदाही दगा दिलेला नाही. त्या दिवशी घाईत आभार मानायचे राहून गेले. पत्र उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखे गॅरेजचे हेलपाटे घालणारे आणखीही असतील.

दुखणं विचित्र होतं. सुरुवातीला गाडी झकास. अर्धा-पाऊण तास चालली आणि चढ लागला, की पेडल पार दाबूनही पिकअप नाही. बंद पडायची नाही, नुसती मरगळायची. मागून ट्रक येतोय आणि आपली गाडी ओढतच नाही, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा ठणठणीत. आणि गॅरेजमध्ये नेली की डॉक्टरच्या खुर्चीत बसताच दाढदुखी थांबावी, तसं.

तोवर स्पार्क प्लग बदलले होते, फ्युएल फिल्टर बदलला होता, थ्रॉटल बॉडी साफ करून झाली होती, शेवटी फ्युएल पंपही नवा बसला होता. यातल्या कशानेही पिकअप जाऊ शकतो, त्यामुळे कुणाला खोटं म्हणणार? फक्त माझ्या गाडीचा कशाने जातोय, हे कुणी मोजलं नव्हतं.

तुम्ही बॉनेटला हातही लावला नाहीत. आधी प्रश्न. गार असताना होतं की तापल्यावर? झटके देते की सरळ ओढ कमी होते? आरपीएम एका आकड्यापुढे जातच नाही, असं होतं का? मला वाटलं, वेळ काढताय. नंतर कळलं, तुम्ही एकेक संशयित घरी पाठवत होता. झटके असते तर तुम्ही इग्निशन कॉइलकडे वळला असता. आरपीएम अडकत असती तर पेडलच्या सेन्सरकडे. त्यात दोन सेन्सर असतात आणि दोघांचं जमेना, की कॉम्प्युटर इंजिनला आवर घालतो, हेही तुमच्याकडूनच कळलं.

स्कॅनरवर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा जुना कोड निघाला, पी०१७१. म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पण पंप तर नवा! इथे कुणीही दुसरा पंप मागवला असता. तुम्ही मागची सीट उचललीत, तिच्याखालच्या पंपाच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या जोडाला, मीटरच्या वायरी जोडल्यात आणि मीटर मांडीवर घेऊन बसलात. म्हणालात, "चला, बिघडेपर्यंत फिरू."

पन्नास मिनिटं फिरलो. चढावर गाडी मरगळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपाला मिळत होते जेमतेम ११. कमी पडलेल्यांपैकी पावणेतीन व्होल्ट एकट्या अर्थच्या, म्हणजे करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीच्या, बाजूला! बॉडीला जिथे अर्थची वायर बोल्टने आवळलेली होती, तिथे गंज. करंट वाहू लागला की सांधा तापायचा, तापला की अडथळा वाढायचा, पंप दमायचा. गाडी उभी केली की सांधा गार आणि सगळं सुरळीत.

आधीच्या गॅरेजमध्येही मीटर लावला होता, पण कपलर काढून. पंप चालतच नसेल तर करंट वाहत नाही, आणि मग गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. "लोडवर मोजायचं," एवढंच बोललात तुम्ही. मी घरी जाऊन तासभर त्यावर विचार करत बसलो.

काम काय, तर बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, नवं टर्मिनल लावून आवळलं. पुन्हा मोजलं तेव्हा अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टही जात नव्हते. तिथेच न थांबता तुम्ही तोच चढ पुन्हा चढायला लावलात, तेही गाडी नीट तापल्यावर. हे मला दुरुस्तीपेक्षाही जास्त आवडलं.

एक काम राहिलंय. आधी काढलेला जुना पंप अजून डिकीत पडून आहे. तो बिघडलाच नव्हता, असं तुमचं मत. एकदा येऊन तपासून बघा, आणि चांगला निघाला तर ज्याला खरंच लागेल त्याच्या गाडीला बसवा.

तुमचा,
चढावर अडकणारा गाडीवाला