मुक्ताचा लॅपटॉप टाकू नकोस

नारायण पेठ, पुणे
रविवार

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार.

मुक्ताच्या लॅपटॉपचे फोटो मिळाले. झाकण उघडलं की डाव्या कोपऱ्यातली बॉडी फाकते, आणि दुकानदार म्हणाला की पूर्ण बॉडी बदलावी लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या. तूही त्याच विचारात आहेस असं दिसतं, म्हणून लगेच लिहायला बसलो. फोनवर सांगून हे भागणार नाही. कागद शेजारी ठेवून तुला काम करता यावं म्हणून जरा लांबण लावतोय. स्क्रीन चालू आहे, कीबोर्ड चालू आहे, बॅटरी टिकते. मोडलंय ते हिंजला, म्हणजे झाकणाच्या बिजागरीला, धरणारं बोटाच्या पेराएवढं प्लास्टिक. त्यासाठी पोरीचं मशीन भंगारात घालायचं हे मला पटत नाही, आणि या महिन्यात तुझ्यावर नव्याचा खर्च पडावा हे तर मुळीच पटत नाही.

आधी एक गोष्ट आजच सांग तिला: झाकणाची उघडमीट बंद. उघडं असेल तर उघडंच राहू दे, मागून दोन जाड पुस्तकांचा टेकू दे. स्क्रीनची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या बारीक वायरी या हिंजच्या अगदी शेजारून वर जातात. हिंज सुटून वेडावाकडा फिरायला लागला की तो त्या वायरी कापतो, नाहीतर कोपऱ्यातून स्क्रीनच्या काचेवर दाब देतो. आत्ता दोनशे रुपयांत होणारं काम तिथून पुढे काही हजारांवर जातं. तिचे ऑनलाइन क्लास अडत असतील तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडून चालव. वॉरंटी शिल्लक असेल तर मात्र काहीही न उघडता आधी कंपनीकडे विचार.

दुसरं, बॅटरी फुगलेली नाही ना ते बघ. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतो का, टचपॅड वर आल्यासारखा वाटतो का, मधली बॉडी फुगीर दिसते का. फुगलेली बॅटरी आतून पॅनेल ढकलते आणि त्यानेही कोपरे उचकटतात. तसं असेल तर घरी हात लावू नकोस, तिला टोचणं-दाबणं तर अजिबात नको. आधी बॅटरी बदलून घे. फोटोंवरून तरी मला तसं वाटत नाही.

आता मोडतं काय ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं काम आपोआप सुचतं. हिंज पोलादी असतो, तो सहसा मोडत नाही. त्याचा एक पाय झाकणात आणि दुसरा कीबोर्डच्या पॅनेलखाली बसवलेला असतो. रिपेअरवाले झाकणाच्या पाठीला ए पॅनेल म्हणतात, स्क्रीनभोवतीच्या चौकटीला बी, कीबोर्डच्या बाजूला सी आणि तळाला डी. तर त्या सी पॅनेलला आतून प्लास्टिकचे छोटे खुंट असतात, प्रत्येक खुंटात आटे असलेला एक पितळी नट गरम करून दाबून बसवलेला असतो, आणि हिंजचे स्क्रू त्या नटांत जातात. म्हणजे पोलाद पितळाला धरतं आणि पितळाला धरतं नुसतं प्लास्टिक. काही वर्षांनी हिंजमधलं ग्रीस सुकतं, तो घट्ट होतो, आणि आपण झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतो. सगळा जोर एकाच बाजूच्या दोन-तीन खुंटांवर येतो. पितळी नट प्लास्टिकचा तुकडा घेऊनच उपटून बाहेर येतो. माझ्या जुन्या मशीनचं गेल्या पावसाळ्यात हेच झालं, आणि त्यावर माझं सगळं काम आहे. पानं जुळवायचं जुनं पेजमेकर, श्रीलिपीचे जुने मराठी फाँट, पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि शाळांच्या स्मरणिकांच्या फायली. ते नव्या मशीनवर जसंच्या तसं चालत नाही, त्यामुळे मला ते उभं करणं भागच होतं.

म्हणून शिरीष, हे पक्कं लक्षात ठेव: नुसतं चिकटवून उपयोग नाही. हिंजचा ताठरपणा आधी काढायचा, मग खुंट बांधायचा. ताठ हिंजवर कितीही चांगला डिंक लाव, महिन्या-दोन महिन्यांत तो शेजारचं प्लास्टिक फोडून बाहेर येईल. लोक "चिकटवलं होतं, पुन्हा तुटलं" म्हणतात ते बहुतेक यामुळेच.

उघडताना घाई नको. लेनोव्हो, डेल, एचपी या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलांचं मेंटेनन्स किंवा सर्व्हिस मॅन्युअल फुकट ठेवतात, त्यात कुठला स्क्रू कुठे हे चित्रांसकट असतं. मुक्ताला ते शोधायला सांग, तळाच्या स्टिकरवर मॉडेल नंबर आहे. लॅपटॉप पूर्ण शट डाउन कर, चार्जर काढ. तळाचे स्क्रू काढताना एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेव. त्यांची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरून कीबोर्डपाशी टेंगूळ येतं किंवा मदरबोर्डला लागतो. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. सगळे काढूनही पॅनेल सुटत नसेल तर ओढू नकोस, एखादा राहिलाय असं समज. कडेच्या खाचा सोडवायला गिटारचं पिक किंवा जुनं एटीएम कार्ड वापर, स्क्रूड्रायव्हरचं टोक नको. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. वायर ओढायची नाही, प्लग नखाने सरकवायचा. प्रत्येक टप्प्याला फोटो काढत जा. आणि आत पडलेले पितळी नट आणि प्लास्टिकचे तुकडे एका वाटीत जमा कर, एकही टाकू नकोस. मोडलेला खुंट पुन्हा जुळवायला तेच कामी येतात.

मग हिंज बाहेर काढून हातात घे. बऱ्याच हिंजच्या दांड्याच्या टोकाला एक छोटा नट असतो, त्याच्या मागे वायसर. तो नट बारीक पकडीने अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, सैल कर आणि हाताने फिरवून बघ. पुन्हा थोडा. झाकण सोडलं तरी त्याच कोनात थांबलं पाहिजे आणि तरीही एका हाताने सहज उघडलं पाहिजे. फार सैल केलास तर स्क्रीन मागे पडेल, म्हणून एकदम फिरवू नकोस. दोन्ही बाजू सारख्या वाटल्या पाहिजेत, नाहीतर झाकण तिरपं उघडतं आणि जोर पुन्हा एकीकडेच. काही हिंजना नटच नसतो, पत्रा गुंडाळलेला असतो. तिथे शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दांड्यावर सोड, वीस-पंचवीस वेळा मागेपुढे फिरव आणि फडक्याने अगदी कोरडं पूस. हे तेलाचं काम चिकटवण्याच्या आधी आणि दुसऱ्या टेबलावर कर. तेलाचा बोटाचा ठसासुद्धा प्लास्टिकवर राहिला तर तिथे काहीही धरत नाही.

चिकटवायला फेविक्विक पुरेल असं तुला कोणीतरी सांगेलच. ते भेग जागेवर धरायला बरं, पण वाळल्यावर काचेसारखं ठिसूळ होतं. हिंजचा उपटणारा जोर त्याला सोसत नाही. शिवाय पाण्यासारखं पातळ, त्यामुळे कीबोर्डच्या बटणांखाली ओघळतं, आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी झाक येते. त्यात खायचा सोडा टाकला की क्षणात दगड होतो हे खरं आहे, आणि तुटलेल्या खुंटाभोवती भर घालायला मी तो वापरलाही, पण सगळा भार त्यावर टाकू नये असं माझं मत. भार घेणार एराल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी डिंक, साधं, हळू वाळणारं. पाच मिनिटांचं घेऊ नकोस. तुझ्या हाताला सवय नाही, नट सरळ करायला वेळ मिळाला पाहिजे.

आधी खुंटाभोवतीचं प्लास्टिक सँडपेपरने खरवड, गुळगुळीत जागेवर पकड येत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस. नेलपॉलिश रिमूव्हर घरात असतं म्हणून ते घेशील, तर नको: त्यातल्या ॲसिटोनने हे प्लास्टिक विरघळतं. पितळी नटात स्क्रू फिरवून ठेव आणि स्क्रूच्या आट्यांना किंचित व्हॅसलीन लाव, म्हणजे एराल्डाइट आत गेलं तरी स्क्रू नंतर सुटतो. व्हॅसलीन फक्त आट्यांनाच. दोन्ही ट्यूबमधून समान लांबीच्या रेघा काढून काडीने चांगलं दोन-तीन मिनिटं घोट, नट जागेवर बसव, आणि हिंजचा पाय वर ठेवून स्क्रू हलकेच लाव, म्हणजे सगळे नट आपापल्या भोकांशी सरळ येतात. एकेक नट वेगळा चिकटवला की शेवटच्या स्क्रूला भोक जुळत नाही. हिंजच्या फिरत्या दांड्याकडे एराल्डाइट जाऊ देऊ नकोस. भर उंच झाली तर डी पॅनेल बसणार नाही, म्हणून ओलं असतानाच तळ एकदा टेकवून बघ. मग चोवीस तास हात लावायचा नाही. आता थंडी आहे, थंडीत ते सावकाश वाळतं; शेजारी तापणाऱ्या जुन्या बल्बचा टेबल लॅम्प लावून ठेवलास तर बरं.

खुंटांचा अगदी चुरा झाला असेल तर चिकटवायला काही उरतच नाही. माझ्या डाव्या बाजूचं तसंच झालं होतं. तिथे आरपार बोल्ट टाकावा लागतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात भक्कम तेच. सी पॅनेल पूर्ण मोकळं कर, मदरबोर्डसकट सगळं बाहेर. धातूचा वा प्लास्टिकचा कीस मदरबोर्डवर पडता कामा नये. जिथे खुंट होता नेमकं तिथे हाताच्या बारीक ड्रिलने आरपार भोक पाड, अडीच मिलिमीटरच्या बोल्टला पावणेतीनचं पुरतं. बोल्ट चपट्या, खोलगट बसणाऱ्या डोक्याचा घे, वरून टाक आणि आतून हिंजच्या पायावर पातळ वायसर आणि नट. डोकं पॅनेलच्या पातळीत बुडालंच पाहिजे, कारण झाकण मिटल्यावर वर स्क्रीनची चौकट येते आणि वर आलेलं डोकं तिला दाबतं. भोकाच्या तोंडाशी जरा मोठ्या ड्रिलने हातानेच उतार केला की ते बसतं. झाकणाच्या बाजूला असं आरपार भोक शक्यतो नको, तिथे स्क्रीन अगदी जवळ असते. बोल्टची दोन डोकी वरून दिसतील. मुक्ताला ती खटकली तर काळं नेलपॉलिश लाव. मला माझी दोन्ही डोकी तशीच आवडतात. कुठे जोर जातोय ते रोज दिसतं.

सामान मी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या बाजूला आणि तपकीर गल्लीत घेतलं. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, पितळी नट, अल्कोहोल सगळं तिथे मिळतं. वायसर आणि बोल्टसाठी रविवार पेठेत बोहरी आळीला गेलो. चार नट मागितले तरी दुकानदाराने डबा पुढे सरकवून सुटा केलेला हिंज मागून घेतला, भोकात स्क्रू घालून माप बघून दिलं. म्हणून हिंज खिशात घेऊनच जावं. जुन्या बाजारातही चक्कर मारली, बुधवार-रविवारी भरतो ना, तिथे बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॉड्या असतात. माझ्या मॉडेलची नव्हती. मुक्ताच्या मॉडेलचं सी पॅनेल कुठे पडेल भावात दिसलं तर घेऊन ठेवीन. स्क्रूड्रायव्हर सोडून बाकी खर्च दोनशेच्या आत झाला.

२०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती लोकांना द्यावी म्हणून. फार चांगली गोष्ट आहे. पण मला त्याहून हवंय ते वेगळंच: खुंटाला दोन मिलिमीटर प्लास्टिक जास्त द्या, पाय रुंद करा, म्हणजे चार जागी जोर वाटला जाईल. स्वस्त लॅपटॉप घेणाऱ्या पोरांचेच हिंज मोडतात, आणि दुसरं मशीन घ्यायची ऐपत त्यांचीच नसते. त्या पोरांना हे काम येत असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. मुक्ताला शेजारी बसव. स्क्रूड्रायव्हर तिच्याच हातात दे, तिचे हात तुझ्यापेक्षा बारीक आहेत.

एकट्याने सुरू करू नकोस. तळ उघडलास की आधी मला डाव्या कोपऱ्याचा जवळून फोटो पाठव. खुंट चिकटवण्याजोगे आहेत की बोल्ट टाकायचा ते बघून सांगतो. माझा भाचा शुक्रवारी बार्शीला येतोय, त्याच्याबरोबर पितळी नट, दोन मापांचे बोल्ट, वायसर आणि माझं हाताचं ड्रिल पाठवतोय. एराल्डाइट आणि सँडपेपर तिकडे हार्डवेअरच्या दुकानात घे. काम झाल्यावर ड्रिल घाईने परत करू नकोस, उजवी बाजूही लवकरच लागेल असा माझा अंदाज आहे. लॅपटॉप उघडलेलाच असेल, तर त्या बाजूच्या हिंजचाही ताठरपणा तेव्हाच काढून टाक.

काकूंना नमस्कार सांग. वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
मधू